काचेबाहेरचा फोटो

"अगं, हा असा उघडा भिंतीला चिकटवू नकोस. ओट्याची वाफ, खिडकीचं ऊन... वर्षभरात वाट लागेल त्याची. काचेच्या फ्रेममध्ये घाल. नाहीतर मला पाठव, मी लॅबमध्ये नीट काढून देते." ॲश्लीनं श्वेताला हे बजावलं, तेव्हा माझी शाई पुरती वाळलीही नव्हती. श्वेतानं ऐकलं, "बघू गं" म्हणाली आणि विषय सोडून दिला.

मित्रांनो, ज्याच्याबद्दल हे बोलणं चाललं होतं तो मी. मी एक जुना फोटो आहे. जुना म्हणजे किती, तर माझा जन्म होऊन दोन पावसाळेसुद्धा झालेले नाहीत. पण फोटोचं वय त्याच्यावरच्या चेहऱ्यांवरून मोजतात, आणि त्या हिशेबानं मी फार लवकर म्हातारा झालो. कसा झालो आणि त्यापायी एका माणसाच्या जिवावर कसं बेतलं, तेच आज तुम्हांला सांगणार आहे.

माझा जन्म बोरिवलीचा. श्वेता आणि तिचा नवरा सिद्धेश तिथे राहतात. पण ज्यांच्यासाठी मला जन्म दिला, ते राहायचे कांजूरमार्गला. ते म्हणजे श्वेताचे वडील, गुणाजीबाबा. मूळचे मालवणकडचे. तरुणपणी गिरणीत होते. गिरणी बंद पडल्यावर साकीनाक्याच्या एका कारखान्यात लागले, ते थेट म्हातारपणापर्यंत. पत्नी सुगंधाबाई गेल्या, आणि बाबा पुनर्वसनाच्या इमारतीतल्या त्या खोली-किचनमध्ये एकटेच उरले. श्वेता म्हणे, "आमच्याकडे या." बाबा म्हणत, "माजी जागा सोडून मी खय जाव?" त्यापुढे कुणाचं काही चालत नसे.

हळूहळू बाबा विसरायला लागले. आधी चष्मा, मग वार, मग माणसं. एकदा 'गॅसची पाइप तपासायला आलोय' म्हणणाऱ्या एका अनोळखी माणसाला त्यांनी आत घेतलं, चहा पाजला, आणि तो निवांत सुगंधाबाईंची समई घेऊन गेला. श्वेता त्या वेळी गरोदर होती. मुळात काळजी करणारा स्वभाव, त्यात हे. फोनची रिंग वाजली तरी ती दचकून उठायची. मग तिनं विचार करकरून एक नियम काढला. भिंतीवर ज्याचा फोटो आहे, त्यालाच दार उघडायचं. बाकी कुणाला नाही, मग तो कितीही गोड बोलो.

बाबांना तो नियम एकदम पटला. त्याला कारण होतं. साकीनाक्याच्या कारखान्यात ते तयार माल तपासायचे. टेबलावर एक नमुना ठेवलेला असे. समोर आलेला प्रत्येक नग हातात घ्यायचा, नमुन्याशी ताडून पाहायचा, जुळला तर पास, नाहीतर डुप्लिकेट म्हणून बाजूला. माणसांची नावं विसरली, पण हाताची ही सवय काही गेली नव्हती.

असा मी जन्माला येण्याचं ठरलं. माझ्यावर दोन चेहरे हवे होते. एक श्वेताचा आणि एक द्रौपदीचा. द्रौपदी त्याच इमारतीत खाली राहते आणि डबे करून देते. रोज दुपारी ती बाबांना डबा आणून देई, आणि समोर उभी राहून रक्तदाबाची गोळी घ्यायला लावी. दोघी शेजारी शेजारी उभ्या राहिल्या, द्रौपदीच्या हातात डब्याची पिशवी, आणि सिद्धेशनं मोबाइलवर फोटो काढला.

तिथूनच माझ्या नशिबात गडबडी सुरू झाल्या. सिद्धेशच्या मोबाइलमध्ये चेहरा गोरा-गुळगुळीत करायची सोय चालू राहिली होती. त्यामुळे द्रौपदीच्या हनुवटीवरचा ठसठशीत तीळच पुसला गेला. मग त्यानं मला व्हॉट्सॲपवरून श्वेताकडे धाडलं. त्या वाटेनं जाताना फोटोचं अंग आकसतं, मित्रांनो. मोबाइलच्या पडद्यावर ते कळत नाही, कागदावर उतरलं की कळतं.

घरी एक प्रिंटर होता. घरून काम सुरू झालं तेव्हा घेतलेला आणि नंतर टीव्हीखाली धूळ खात पडलेला. कित्येक महिने न चालवल्यामुळे त्याच्या बारीक छिद्रांत शाई सुकून बसली होती. माझा थोरला भाऊ बाहेर आला तो अंगभर पांढरे पट्टे घेऊनच. मग छिद्रं साफ केली. दुसऱ्या भावाच्या वेळी चकचकीत कागद उलटा घातला गेला, पाठ वर आणि पोट खाली. शाई अशी पसरली, की पाणी पडलेली रांगोळी बरी. तिसऱ्याच्या वेळी यंत्राला सांगितलं होतं साधा कागद, आणि घातला होता फोटोचा, म्हणून तो राखेसारखा निघाला. चौथ्यात द्रौपदीचं कपाळ कापलं गेलं, कारण मोबाइलच्या फोटोचा आकार आणि कागदाचा आकार सारखा नसतो, हे कुणी पाहिलंच नाही.

"राहू दे ना, ॲश्लीकडे देऊया," सिद्धेश वैतागून म्हणाला.

"तिच्या लॅबपर्यंत मुलुंडला कोण जाणार? मला आजच्या आज लावायचाय," श्वेता म्हणाली. "तुला काय, रात्री झोप लागते तुला."

आणि पाचवा मी. बरा निघालो. जरा काळपट होतो. श्वेता म्हणालीसुद्धा, "मोबाइलमध्ये किती छान दिसत होता!" सगळे तेच म्हणतात. मोबाइलच्या आत स्वतःचा दिवा असतो. कागदाला उजेड बाहेरून उसना घ्यावा लागतो. पण ते असो. मी आलो, दोन्ही चेहरे ओळखू येत होते, आणि श्वेतानं मला असं छातीशी धरलं, जणू मी फोटो नसून कुलूप आहे.

ॲश्ली तिची कॉलेजातली मैत्रीण. मूळची मढच्या ख्रिस्ती घरातली, आता मुलुंडला वडिलांबरोबर फोटोची लॅब चालवते. श्वेतानं माझा फोटो काढून तिला कौतुकानं पाठवला, तेव्हा ते सुरुवातीचं बोलणं झालं. ॲश्ली इतकंच म्हणून थांबली नव्हती. "फ्रेम करून आईंच्या फोटोशेजारी लाव ना, तिथे ऊन येत नाही," असंही म्हणाली होती.

श्वेतानं पोटावर हात ठेवला. मग म्हणाली, "आईच्या शेजारी? काचेत? अगं, जिवंत माणसाचा फोटो असा फ्रेम करून लावतात का? माझ्या पोटात बाळ आहे, यार. कसंतरीच वाटतं."

"वेडी आहेस. आमच्याकडे अख्खं खानदान भिंतीवर आहे, जिवंतपणी."

"तुमचं वेगळं."

तर मित्रांनो, काच मला मिळाली नाही ती अशी. आपल्या घरांतून पाहा, काच, चौकट, हार, रोजचा पुसायचा फडका, हे सगळं बहुधा गेलेल्या माणसाच्या वाट्याला येतं. जिवंत माणसं सेलोटेपवर.

कांजूरमार्गच्या त्या खोलीत दाराशेजारच्या भिंतीवर मला चिकटवलं. डाव्या हाताला खिडकी, उजव्या हाताला ओटा. समोरच्या भिंतीवर, काचेमागे, सुगंधाबाई. त्यांचा फोटो लॅबमध्ये काढलेला, माझ्याहून कितीतरी वर्षांनी मोठा. पण नाकातली नथसुद्धा चमकताना दिसे.

दुसऱ्या दिवशी दुपारी घंटी वाजली. बाबा उठले. आतलं दार उघडून जाळीच्या दाराशी उभे राहिले. बाहेर द्रौपदी. बाबांनी तिच्याकडे पाहिलं, मग वळून माझ्याकडे, मग पुन्हा तिच्याकडे.

"हेच्यात तुज्या हनुवटेवर तीळ नाय," ते म्हणाले.

"अहो बाबा, तीळ मोबाइलनं खाल्ला. पिशवी बघा ना, तीच आहे!"

बाबांनी पिशवी पाहिली. नाक पाहिलं. कपाळावरची टिकली पाहिली. मग कडी काढली आणि म्हणाले, "पास."

द्रौपदी अशी खळखळून हसली, की शेजारचं दार किलकिलं झालं. पुढे तो रोजचा खेळच झाला. ती मुद्दाम ताठ उभी राहायची, बाबा मुद्दाम वेळ लावायचे. "पास" म्हटलं की ती म्हणायची, "झकास! आता गोळी घ्या." श्वेता आठवड्याला येई, तीही अशीच पास होऊन आत येई. एका संस्थेची माणसं मच्छरदाण्या विकायला आली, बाबांनी माझ्याकडे बोट दाखवून त्यांना जाळीबाहेरूनच परत पाठवलं. "ह्या फोटोत तुमी नाय." श्वेतानं ते ऐकलं आणि खूप दिवसांनी मोकळा श्वास घेतला. मला हात लावून म्हणाली, "तू आहेस म्हणून बरं." मित्रांनो, त्या दिवसांत माझ्याइतका सुखी फोटो मुंबईत नसेल.

मग श्वेताला डॉक्टरांनी झोपून राहायला सांगितलं. येणं बंद झालं. निधीचा जन्म झाला, बाळ अशक्त, दूध पिताना दमायचं. श्वेताचा सगळा जीव त्या एवढ्याशा पाठीवर. बाबांना ती रोज फोन करी.

"बाबा, जेवलात?"

"जेवलंय गो. कित्याक परत परत विचारतंस?"

"गोळी?"

"घेतलंय."

आवाज खणखणीत असे. तिला बरं वाटे. फोनवर माणसाचा आवाजच येतो, ताट दिसत नाही.

इकडे मी उतरत चाललो होतो. सकाळी खिडकीतलं ऊन थेट माझ्या तोंडावर यायचं. दिवसातून चारदा चहाची वाफ. वारा फिरला की कचऱ्याच्या डम्पिंगकडची कोंदट हवा. माझी शाई घरच्या प्रिंटरची, पाण्याच्या जातीची. तिला असलं उघड्यावरचं जिणं सोसत नाही. आधी गुलाबी गेला. फोटोतून गुलाबी गेला की माणसाच्या तोंडावरचं रक्त गेल्यासारखं होतं. श्वेताचे गाल हिरवट झाले. मग ओठ विरले. द्रौपदीची टिकली दिसेनाशी झाली. डोळ्यांच्या जागी दोन फिकट डाग तेवढे राहिले. हे एका दिवसात होत नाही, म्हणून कुणाच्या ध्यानात येत नाही. बाबा रोज पाहायचे, आणि त्यांना रोज पास करायला थोडा जास्त वेळ लागायचा. द्रौपदीला वाटायचं, थट्टा चाललीये.

एका दुपारी बाबा खूप वेळ पाहत राहिले. माझ्याकडे. तिच्याकडे. माझ्याकडे. बोटानं माझ्यावरच्या चेहऱ्याची कड चाचपली. मग म्हणाले, "डुप्लिकेट."

"काय हो बाबा! उघडा, भात गार होतोय."

"तू ती न्हय. जा."

"बरं, रुसलात? पिशवी कडीला लावून जाते. गोळी वर ठेवलीये. राग गेला की घ्या."

आणि ती गेली. तिची चूक नव्हती. आणखी बरेच डबे पोचवायचे होते, आणि बाबांचे रुसवे काही नवे नव्हते. बाबांनी ती पिशवी आत घेतली नाही. अनोळखी बाईनं ठेवलेलं अन्न ते कशाला घेतील? संध्याकाळी जिना झाडणारी बाई आली. त्या इमारतीत कचऱ्याची पिशवी लोक दाराच्या कडीलाच अडकवून ठेवतात. तिनं ती कचरा समजून नेली. दुसऱ्या दिवशी द्रौपदीनं पाहिलं, पिशवी नाही. तिला वाटलं, जेवले वाटतं. पुन्हा "डुप्लिकेट" ऐकलं, पुन्हा पिशवी लावली, पुन्हा ती कचऱ्यात गेली.

आत बाबा चहा करून प्यायचे. खारी संपली. मग कुरमुरे. मग नुसता चहा, मग साखर संपली तेव्हा तोही नाही. उठताना भिंत धरू लागले. मी त्या भिंतीवर होतो, त्यांचा तळवा माझ्या शेजारी टेकायचा. मला ओरडून सांगायचं होतं, की अहो, नग बरोबर आहे, नमुनाच झिजलाय! पण फोटोला तोंड असतं, आवाज नसतो. आणि माझं तर तोंडही राहिलं नव्हतं.

फोन वाजला की ते म्हणत, "जेवलंय."

शेवटी श्वेताच्या नजरेनं पकडलं. निधीला थोडं बरं वाटत होतं, म्हणून ती म्हणाली, आज बाबांना बाळ दाखवू. व्हिडिओ कॉल केला. बाबांनी फोन कसाबसा समोर धरला.

"हे बघा कोण आलंय! निधी, म्हण आजोबा..." ती बोलता बोलता थांबली. "बाबा, शर्ट किती मळलाय! गाल किती बसलेत... बाबा, तुमच्या मागे भिंतीवर ते काय आहे?"

"खय?"

"तिथे माझा फोटो होता. माझा आणि द्रौपदीचा. तो पांढरा कागद कसला?"

बाबांनी वळून पाहिलं. "तोच आसा. काडूक नाय कोणी."

श्वेताचा आवाज बदलला. "बाबा, द्रौपदी आज आली होती?"

"एक बाय येता. रोज येता. पण ती ती न्हय. मी घेतंय व्हय तिका आत? तूच सांगलंस मा?"

पलीकडून "आलेच मी" एवढंच ऐकू आलं. मग बाळाच्या रडण्याचा आवाज आणि कॉल बंद.

ती आली तेव्हा बाबा खुर्चीत डोळे मिटून बसले होते. बाळाला सासूबाईंपाशी ठेवून ती रिक्षानं आली होती, केस सुटलेले, ओढणी एका बाजूला. तिच्यामागे द्रौपदी, घाबरून पांढरी पडलेली. घंटी वाजत राहिली. बाबा मोठ्या कष्टानं उठले आणि जाळीशी गेले.

"बाबा, मी आहे. उघडा."

बाबांनी तिच्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे वळले. मित्रांनो, त्या क्षणी मी जे काही शिल्लक होतो, ते सगळं एकवटून तिचा चेहरा होऊ पाहत होतो. पण गेलेला रंग मनात आणून परत येत नाही.

"तू कोण गो?" त्यांनी विचारलं.

"श्वेता. बाबा, मी श्वेता."

"ह्या फोटोत तू नाय."

तिनं मोबाइल काढून जाळीला लावला. त्यात माझं मूळ रूप होतं, रंगासकट. बाबांनी पाहिलं, पण जाळीतून त्या काचेवर नुसती चकाकी दिसत होती. ते मागे सरले. "मोबायलात कोणय येता. गॅसवालो पण मोबायल दाखवी होतो."

मजल्यावरची माणसं जमली. कुणीतरी म्हणालं, "तोडूया दार. वॉचमनला बोलवा." हे ऐकताच बाबांनी कोपऱ्यातली काठी उचलली. ओठ निळसर पडले होते. श्वेता दोन्ही हात पसरून दारासमोर उभी राहिली. "कुणी हात लावायचा नाही. त्यांना वाटेल चोर आले. काही झालं ना त्यांना..."

मग तिनं ॲश्लीला फोन लावला. मी दाराच्या आतून ऐकत होतो.

"ॲश्ली, फोटो हवाय. कागदावरचा. आत्ता. बाबा मला घरात घेत नाहीयेत गं."

ॲश्लीनं 'मी सांगितलं होतं' असं काही म्हटलं नाही. आवाज मोठा करून ठेवला होता, तो मलाही ऐकू येत होता. "रडू नकोस. जुना फोटो नको, तो आकसलेला आहे. आत्ताच नवा काढ. दोघी गॅलरीच्या उजेडाकडे तोंड करून उभ्या राहा. उजेड पाठीमागे नको. गोरं करायचं जे काय आहे ते बंद कर. आणि कुणाला तरी जवळून काढायला सांग, चेहरे मोठे येऊ देत."

शेजारच्यांनी फोटो काढला. श्वेतानं घाईघाईनं पाठवला.

"बाई गं, परत तेच! फोटो म्हणून नको, डॉक्युमेंट म्हणून पाठव. तसा आकसत नाही... हां. आला. आता सोन्यासारखा आलाय. चकचकीत कागदावर नाही काढत, जाळीतून चमकेल. मॅटवर काढते. आलेच."

मुलुंडहून कांजूरमार्गला रिक्षा यायला किती वेळ लागतो ते मला ठाऊक नाही. पण बाबा काठी धरून उभे होते, उभ्या उभ्या डुलत होते, आणि जाळीबाहेर श्वेता जमिनीवर बसून त्यांच्याशी बोलत होती. बाळाबद्दल. बाळाच्या नखांबद्दल. काहीही, आवाज चालू ठेवायला. बाबा ऐकत होते. मध्येच म्हणाले, "लहान पोरांक काजळाची तीट लावतत."

"हो बाबा. लावते मी."

शेवटी जिन्यात ॲश्लीची धावती पावलं वाजली. तिनं पाकीट दिलं, श्वेतानं तो फोटो जाळीच्या फटीतून आत सरकवला. माझा धाकटा भाऊ. तळहाताहून मोठा, नितळ, प्रत्येक केस वेगळा दिसणारा. बाबांनी वाकून उचलला. खिडकीपाशी नेला. कागद बोटांनी चाचपला, उजेडाकडे तिरका केला, तयार माल तपासताना करायचे अगदी तसा. मग दाराशी आले.

"तू. पुढे ये."

द्रौपदी पुढे आली.

"हनुवटी वर कर... तीळ आसा. पास."

मग श्वेता. ती फोटोत जशी होती तशीच समोर उभी होती. तेच सुटलेले केस, तीच एका बाजूची ओढणी, तेच रडून सुजलेले डोळे. बाबांनी फोटो तिच्या चेहऱ्याशेजारी, जाळीला टेकवून धरला. खूप वेळ. मजल्यावर कुणी हलत नव्हतं.

"पास," ते म्हणाले आणि कडी काढली.

द्रौपदीनं धावत जाऊन पेज आणली. श्वेतानं त्यांना खुर्चीत बसवलं आणि स्वतः भरवली. आधी एक चमचा, मग थांबून दुसरा. सिद्धेशनं पाठवलेले डॉक्टर येऊन तपासून गेले. अशक्तपणा आहे, रक्तदाब वाढलाय, पण वेळेत आलात, म्हणाले. बाबांच्या गालांवर जरा रंग आला. वाटी रिकामी झाली, तेव्हा त्यांनी श्वेताच्या मनगटावर हात ठेवला, आणि फार आदबीनं, परक्या बाईशी बोलावं तसं म्हणाले, "बाय, एक काम करशीत? माजा चेडू बोरिवलीक असता. बाळंतीण आसा. तेका फोन करून सांग, बापूस जेवलो म्हणान. ता लय काळजी करता."

श्वेतानं मान खाली घातली. चमचा वाटीत ठेवला.

"सांगते," ती म्हणाली.

आता मी त्या भिंतीवर नाही. तिथे नवा फोटो आहे, काचेच्या चौकटीत, खिडकीपासून लांब, आणि श्वेतानं तो सुगंधाबाईंच्या शेजारीच लावला आहे. मनात काही आलं असेल, तर ते तिनं गिळलं. बाबांची काळजी घ्यायला आता दिवसभर एक बाई असते; तिचाही फोटो लागलाय. दर सणाला सगळे फोटो तपासून बदलायचे, असं श्वेतानं ठरवलंय. मला ॲश्ली मागून घेऊन गेली. तिच्या लॅबच्या काउंटरवर मी असतो. कुणी गिऱ्हाईक म्हणालं, "घरीच काढतो हो, काय फरक पडतो?" की ती मला पुढे सरकवते. घरी काढलेला फोटो वाईट नसतो, हे ती लगेच सांगते. नीट कागद, नीट शाई, आणि काच. एवढं त्याला द्यायला हवं. लोक मला उलटसुलट करतात, विचारतात, "ह्यात कोण आहे?" ॲश्ली सांगते, "दोन बायका आहेत."

मित्रांनो, आता माझं एक मागणं ऐका. ते माझ्यापेक्षा श्वेताचंच जास्त आहे. ती भेटेल त्याला हेच सांगत असते. तुमचेही आजोबा असतील, मावशी असेल, नाहीतर तुमच्याच मजल्यावर टोकाच्या खोलीत एकटं राहणारं कुणी असेल. फोनवर ते 'बरं आहे' म्हणतात. आज त्यांच्या घरी जा. फोन करू नका, जा. त्यांच्या भिंतीवर तुमचा फोटो असेल तर त्यात तुम्ही अजून दिसता का ते पाहा. डब्यात काय आहे ते पाहा. आणि घंटी वाजवल्यावर आतून पावलं यायला वेळ लागला, किंवा कुणी जाळीतून विचारलं, "तू कोण?", तर रागावून परत फिरू नका. उजेडाकडे तोंड करा, आणि त्यांचं पाहून होईपर्यंत उभे राहा.